हमदुल्लाच्या हाताचा घड

हमदुल्ला सोलकर याच्या हाताला फळ नाही, असं त्याच्या वडिलांचं मत होतं. हे मत त्यांनी पहिल्यांदा मांडलं तेव्हा हमदुल्ला चौदा वर्षांचा होता. बाबा राजापूरकडच्या एका आंब्याच्या बागेचे राखणदार. त्यांनी पोराला चाळीस कलमं लावायला दिली. एकोणचाळीस मेली. एक जगलं, पण पुढे कळलं की ते शेजाऱ्याने लावलेलं होतं. हमदुल्लाच्या लग्नात बाबांनी मुलीकडच्यांना हे सगळं आधीच सांगून टाकलं, नंतर तक्रार नको म्हणून. पुढे हमदुल्लाला तीन मुलं झाली. बाबा म्हणाले, त्यात सुनेचा, हमीदाचा हात आहे.

म्हणून तो आखातात आला. इथे झाडं लावायचा प्रश्नच नव्हता.

मी त्याला ओळखतो सात वर्षं. अबूधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, मुसफ्फाच्या अलीकडे, चार व्हिलांचं एक कंपाउंड आहे. माझा मुलगा सुजीत तिथे भाड्याने राहतो. पाइप जोडायचं काम मी एकतीस वर्षं केलं. ते सुटल्यावर त्याच्याकडे येऊन राहिलो. हमदुल्ला त्या कंपाउंडचा नातूर, म्हणजे राखणदार. गेट उघडायचं, गाड्या पुसायच्या, कचरा न्यायचा, चार खजुरांना पाणी द्यायचं. खजुरांना फळ भरपूर यायचं. पण ते मालकाच्या वडिलांनी लावलेले होते. हमदुल्ला ते फळ आपलं मानत नसे.

मी संगमेश्वरचा, म्हणजे त्याच्याच जिल्ह्यातला. त्यामुळे आमचं जमलं. तो मला मिस्त्री म्हणायचा, मी त्याला हमदुल्लाभाय.

तीन वर्षांपूर्वी तीन नंबरच्या व्हिलात लोरांड नावाचा हंगेरियन इंजिनीअर राहायला आला. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर होता. त्याने सगळी कागदपत्रं करून, नर्सरीतर्फे, आपल्या देशातून एक वेल मागवली. एका पुठ्ठ्याच्या नळीतून हातभर काडी आली. ती पाहून हमदुल्ला म्हणाला, "हे तर मेलेलं आहे."

"झोपलेलं आहे," लोरांड म्हणाला.

ते द्राक्ष होतं. पांढरं, म्हणजे हिरवट सोनेरी. नाव हार्शलेवेल्यू. त्यांच्याकडच्या कुठल्या एका झाडासारखं याचं पान असतं, म्हणून ते नाव. फळाला मधाचा आणि फुलांचा वास येतो, असं लोरांडने सांगितलं. हमदुल्लाने ते नाव तीन वेळा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. चौथ्या दिवसापासून तो वेलीला मॅडम म्हणायला लागला. इथे ज्या बाईचं नाव येत नाही तिला मॅडमच म्हणतात.

"ह्याचं काय करतात?" त्याने विचारलं.

"वाइन. गोड पण करतात, कोरडी पण करतात."

 हमदुल्ला मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, कोरडी दारू म्हणजे पावडर का हो?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, असेल.

दारूची वेल सांभाळावी की नाही, हा विचार त्याने दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी निर्णय दिला. "द्राक्ष हलाल आहे. पुढचं ज्याचं त्याने बघावं." आणि पाण्याची बादली उचलली.

वेल अर्ध्या ड्रममध्ये लावली. ड्रम, माती, पाणी, मॅडम मिळून वजन एकशे अडतीस किलो. मी मुसफ्फात भंगारवाल्याच्या काट्यावर मोजून घेतलं. अंदाजाने काम करणाऱ्याची कंबर जाते. मॅडमला सकाळी नऊपर्यंत ऊन पाहिजे होतं आणि त्यानंतर सावली. सावली एका जागी थांबत नाही. म्हणून हमदुल्ला ड्रमला ऑफिसच्या खुर्चीची चाकं लावायला निघाला. मी अडवलं. खुर्चीची चाकं बसणाऱ्या माणसासाठी असतात, आणि एवढा माणूस खुर्चीत बसत नाही. गॅस सिलिंडरच्या ट्रॉलीची चार चाकं मिळाली, ती लावली.

तेव्हापासून मॅडम कंपाउंडमध्ये हिंडायला लागली. दिवसातून चार वेळा, एका वेळेला एकतीस मीटर. सकाळी कंपाउंडच्या पश्चिमेच्या भिंतीपाशी, दुपारी व्हिलाच्या पूर्वेच्या, मध्ये पाण्याच्या टाकीखाली. लोक गाडी काढताना थांबायचे आणि मॅडम जाऊ द्यायचे. माझी नात शुभ्रा शाळेच्या बसमधून उतरली की मी म्हणायचो, मॅडमला हॅलो कर. ती म्हणायची, "आजोबा, इट्स अ प्लांट." पण करायची.

पहिल्या वर्षी पानं आली. दुसऱ्या वर्षी आणखी पानं आली. फळ नाही.

हमदुल्ला दर शुक्रवारी नमाजानंतर घरी व्हिडिओ कॉल करायचा. बाबा आता एक्क्याण्णव वर्षांचे. दात नाहीत, पण ऐकू चांगलं येतं. फोन मात्र ते कानालाच लावतात. व्हिडिओ असो नाहीतर काही, फोन कानाला लावायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दर शुक्रवारी आम्हाला एक कान दिसायचा. मोठा, केस असलेला.

"आलं का काय?" कान विचारायचा.

"पानं आहेत, बाबा. दाट आहेत."

"पानं बकरी खाते. फळ विचारतोय."

"येईल, इन्शाल्ला."

"तुझ्या हाताला नाही यायचं. त्या मिस्त्रीला लावायला सांग."

त्या वर्षी लोरांडची बदली झाली. जाताना त्याने हमदुल्लाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही वेल आता तुझी. दुसरी, हिला हिवाळा लागतो. थंडीत झोपली नाही तर ती फुलत नाही.

"किती थंडी?"

"पाच डिग्री. सहा आठवडे."

अबूधाबीत जानेवारीत माणसं स्वेटर घालतात, पण तो हौसेने. पाच डिग्री इथे फक्त फ्रिजमध्ये असते.

त्याच सुमारास मालकाने हमदुल्लाला सांगितलं की आता तो साठीचा झाला, पुढच्या वर्षीच्या वीस जूननंतर व्हिसा वाढवणार नाही. मालक चांगला माणूस. दोन ब्लँकेट देतो म्हणाला. हमदुल्ला शुक्रिया म्हणाला आणि माझ्याकडे आला.

"मिस्त्री, वीस जूनला खलास. एकच मोसम राहिला."

"मग?"

"मला एक घड पाहिजे. एकच. माझ्या हाताने बाबांच्या हातात द्यायचा. नंतर ते काय बोलायचं ते बोलू देत."

बाकी काही त्याला नको होतं. ब्लँकेटंही तो विसरून आला होता. मी नंतर जाऊन आणली.

मुसफ्फात भाजीच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये वासिफ नावाचा फोरमन होता. श्रीवर्धनचा, पस्तिशीचा, हसतमुख. हमदुल्लाने त्याला गाठलं. वासिफ म्हणाला, "चाचा, गाजराची रूम पाच डिग्रीला असते. ठेवा की. पण माझ्याकडे लेबलशिवाय काही आत जात नाही. सिस्टीम आहे."

न्यायच्या आधी पानं काढायची होती. लोरांडने सांगितलेलं, पान असलं तर वेल झोपत नाही, आणि इथे पान आपणहून गळत नाही. हमदुल्लाने एकेक पान हाताने खुडलं. दोनशे बारा. प्रत्येक पानाला "माफ करा" म्हणाला. मी म्हटलं, दर दहा पानांना एकदा म्हण, वेळ वाचेल. त्याने ऐकलं नाही. पावणेदोन तास लागले.

अठरा डिसेंबरला मॅडम पिकअपमधून कोल्ड स्टोअरला गेली. चढवायला आम्ही दोघं, दोन फळ्या आणि एक दोर. माझी पाठ अजून सांगते. वासिफने लेबल लावलं. माल : गाजर. येण्याची तारीख लिहिली, जाण्याची मोकळी ठेवली.

दहा दिवसांनी सेफ्टी ऑफिसर फेरीला आला. गाजराच्या पेट्यांमध्ये त्याला एक काडी उभी दिसली. त्याने विचारलं, हे जिवंत आहे का? वासिफ खोटं बोलत नाही. जिवंत आहे म्हणाला. ऑफिसरने नियम काढला. थंड रूममध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबणाऱ्या जिवंताने जॅकेट घातलं पाहिजे आणि रजिस्टरमध्ये नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ लिहिली पाहिजे. नियमात माणूस असा शब्द नव्हता. ऑफिसर लिहिलेलं सोडून एक इंच जात नसे.

तेव्हा मॅडमला जॅकेट घातलं. पिवळं, चमकणाऱ्या पट्ट्यांचं, लार्ज. रजिस्टरमध्ये वासिफने लिहिलं : मॅडम. आत, सकाळी आठ. बाहेरचा रकाना रिकामा.

तो रकाना रोज रिकामाच राहिला. एकोणतिसाव्या दिवशी हेड ऑफिसातून ईमेल आला. एक कर्मचारी महिला गाजराच्या रूममध्ये पन्नासहून जास्त सलग शिफ्ट आहेत असं दिसतं. त्या ठीक आहेत का? त्यांच्या घरच्यांना कळवलं आहे का?

वासिफने उत्तर दिलं की मॅडम झोपल्या आहेत, घरचे रोज दुपारी येऊन बघून जातात.

हे खरं होतं. हमदुल्ला रोज दुपारी दोन बस बदलून जायचा, मॅडमच्या जॅकेटची चेन वरपर्यंत लावलेली आहे ना ते बघायचा आणि परत यायचा. जाऊन येऊन तीन तास. मी एकदा विचारलं, जाऊन करतोस काय? म्हणाला, "उभा राहतो."

हेड ऑफिसने पुन्हा लिहिलं नाही. महिनाअखेरीला मात्र मॅडमच्या नावाने उत्तम उपस्थितीचं प्रमाणपत्र आलं. ते वासिफने ड्रमला चिकटवलं.

एकतीस जानेवारीला मॅडम बाहेर आली. तीन आठवड्यांनी डोळे फुटले. मार्चमध्ये बारीक फुलं. एप्रिलमध्ये एक घड. एकच.

हमदुल्लाने गावी फोन लावला. कान दिसला.

"बाबा, घड आला."

कान फोनला आणखी चिकटला.

"किती मोठा?"

"मिस्त्रींनी टेपने मोजला. चौतीस सेंटिमीटर."

"पिकला का?"

"नाही अजून."

"मग आला म्हणू नको. मोहोर सगळ्यांनाच येतो."

मे महिना लागला. ऊन पंचेचाळीस डिग्रीवर. हमदुल्लाने घडावर हमीदाची जुनी ओढणी बांधली आणि दिवसातून चारऐवजी सात वेळा ड्रम हलवायला लागला. सात वेळा एकतीस, दोनशे सतरा मीटर रोज. घड भरला, दाणे टपोरले. पण हिरवे. एक दाणा खाऊन बघितला. माझा डावा डोळा आपोआप मिटला.

लोरांडला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं : हे द्राक्ष उशिरा पिकतं, आमच्याकडे सगळ्यांच्या शेवटी. तुमच्याकडे जुलैअखेर धरा. थांबा.

थांबता येणार नव्हतं. विमान एकोणीस जूनचं होतं. मी म्हटलं, तू जा, पिकल्यावर सुजीत कुणाबरोबर तरी पाठवील. हमदुल्लाने मान हलवली. "दुसऱ्याच्या हाताने गेला की बाबा म्हणतील, हात मिस्त्रीचा. ते एक्क्याण्णवचे आहेत. पुढच्या मोसमाचं कुणी सांगावं."

नऊ जूनला तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उजळलेला होता.

"मिस्त्री, आपण येडे. आंबा कधी झाडावर पिकवला का आपण?"

"नाही."

"चौदा आणे तयार झाला की काढायचा. आढीत घालायचा. आठव्या दिवशी पिवळा."

मला काही चूक दिसली नाही. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण नंतर लोकांनी सगळा दोष त्याच्यावर टाकला. आम्ही दोघंही अशा गावचे की जिथे फळ हिरवं काढतात, पेंढ्यात ठेवतात आणि ते पिकतं. दुसऱ्या तऱ्हेने फळ पिकतं हे आम्ही पाहिलेलंच नव्हतं.

तयार झालंय का ते बघायची रीतही आंब्याचीच वापरली. तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. हमदुल्लाने एक दाणा ग्लासात टाकला. सरळ तळाला गेला. दुसरा टाकला. तोही गेला.

"चौदा आणे," हमदुल्ला म्हणाला.

"पंधरा असतील," मी म्हटलं.

अकरा जूनला सकाळी, ऊन चढायच्या आत, बिस्मिल्ला म्हणून त्याने घड देठासकट कापला. भाताचा पेंढा इथे मिळत नाही. मुसफ्फातून बकऱ्यांच्या चाऱ्याच्या दोन गाठी आणल्या, बारीक काड्या निवडून काढल्या. नातूरच्या खोलीत कोपऱ्यात वीतभर थर, त्यावर घड, त्यावर वीतभर थर. आढीला ऊब लागते, म्हणून त्याने एसी बंद केला. जूनमध्ये, पत्र्याच्या खोलीत. आतलं तापमान मी मोजलं, बेचाळीस. हमदुल्ला स्वतः आमच्या पोर्चमध्ये येऊन राहिला. चौथ्या दिवशी आत जाऊन घड उलटा केला. एवढ्या कामात शर्ट पिळण्याइतका भिजला. वासाला म्हणून नाक लावलं. म्हणाला, "चाऱ्याचा येतोय. अजून चार दिवस."

अठरा जूनला आढी उघडली.

घड होता. पण दाणे निम्मे झाले होते. तपकिरी, सुरकुतलेले, म्हाताऱ्याच्या बोटांसारखे. हमदुल्लाने एक तोंडात टाकला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचे दोन्ही डोळे मिटले.

"मिस्त्री, हा आधीपेक्षा आंबट आहे."

आम्ही लोरांडला व्हिडिओ कॉल लावला. त्याने घड बघितला, चारा बघितला, बंद एसी बघितला.

"हमदुल्ला, द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही."

"आंबा पिकतो."

"आंबा पिकतो. द्राक्ष नाही. जिथे तोडलं तिथे ते थांबलं." मग तो थोडा पुढे सरकला. "आमच्याकडेही हे द्राक्ष सुरकुतू देतात. सगळ्यात गोड वाइन त्याचीच. पण आधी गोड होऊ देतात, मग सुकतं. तू आंबट सुकवलंस. हे मी आजवर कुठे पाहिलं नाही." तो हसला. हमदुल्ला हसला नाही, म्हणून तोही थांबला.

फोन ठेवल्यावर हमदुल्ला पायरीवर बसला. घड मांडीवर. दुसऱ्या दिवशी विमान.

"टाकून देतो," तो म्हणाला.

"घड आला की नाही?" मी विचारलं.

"आला."

"कुणाच्या हाताला?"

"माझ्या."

"मग ने."

"बाबा थुंकून टाकतील."

"थुंकायला आधी तोंडात घालावं लागतं. तेवढं झालं की पुरे."

 तो उठला आणि निडो दूध पावडरचा रिकामा डबा शोधायला गेला. चौतीस सेंटिमीटरचा घड आता सव्वीस भरला. डबा बावीसचा. घड वाकवून, भोवती चाऱ्याच्या काड्या भरून बसवला. एकोणीस तारखेला मॅडमपाशी गेला. ती टाकीखाली उभी होती, प्रमाणपत्रासकट. तिला पाणी घातलं, तीन मग. चाकांना तेल दिलं. मला म्हणाला, "नऊला पश्चिमेकडून काढायची. विसरू नका." आणि दोन ब्लँकेट, एक डबा घेऊन गेला.

वीस जून, शनिवार. दुपारी जेवणाच्या सुमाराला माझा फोन वाजला. मी मॅडमला पूर्वेच्या भिंतीला नेत होतो, तिथेच उभा राहिलो. स्क्रीनवर कान होता.

"हॅलो, बाबा," मी म्हटलं.

"कोण, मिस्त्री का?"

"हो. घड मिळाला?"

"मिळाला. त्याने माझ्या हातात दिला. मी विचारलं, हे काय, कुणाचं काय सुकवून आणलंस?"

मागून हमदुल्लाचा आवाज आला. "बाबा, फोन तोंडासमोर धरा, मिस्त्रींना दिसू दे."

"फोन कानाला असतो," बाबा म्हणाले. कान तिथेच राहिला.

पुढचं मला हमीदाभाभीने सांगितलं. ती फोनच्या जवळ येऊन ओरडून बोलत होती. बाबांनी एक दाणा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, पण थुंकला नाही. गिळलाही नाही. मग काढून बशीत ठेवला आणि हमीदाला म्हणाले, आज बांगड्याच्या कालवणात आमसूल घालू नको, हे घाल. तिने मूठभर घातले. आता ते जेवायला बसले होते.

"खाल्लं का त्यांनी?" मी विचारलं.

"आता खातायत. बघा की."

मी बघितलं. कान वरखाली हलत होता. म्हणजे चावत होते. दात नाहीत, पण बांगडा मऊ असतो. कान थांबला. पुन्हा हलायला लागला.  ऊन वाढलं होतं आणि मॅडम अजून सावलीत गेली नव्हती, पण मी हललो नाही.

"हमदुल्ला," बाबा म्हणाले.

"जी, बाबा."

"तुझ्या हाताला फळ नाही. मी बोललो होतो ते बरोबर."

"जी."

"पण आमसूल आहे. चांगलं आहे. वास आहे त्याला."

त्यानंतर बराच वेळ हमदुल्लाचा आवाज आला नाही. मला वाटलं फोन बंद झाला. पण कान दिसत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

हमीदाभाभी म्हणाली, "काही नाही हो. ह्यांना आंबट लागलं. डोळ्यात पाणी आलंय."

"मिस्त्री," बाबा म्हणाले, "आता ते झाड तुमच्याकडे ना? पुढच्या साली चार घड पाठवा. पण पिकवू नका. हमदुल्लाला विचारा कसं ते. त्यालाच जमतं."

कान दूर गेला. क्षणभर पहिल्यांदाच बाबांचा चेहरा दिसला, उलटा, आणि त्यावरचा कालवणाचा एक थेंब. मग फोन बंद.

मी मॅडमला सावलीत नेलं. एकोणीस मीटर राहिले होते. मग वासिफला डिसेंबरसाठी गाजराच्या रूममध्ये जागा सांगून ठेवली. तो म्हणाला, "जॅकेट तयार आहे, काका. लेबलवर माल काय लिहू? या वेळी तरी खरं सांगा."

मी म्हटलं, "आमसूल लिही."